एकवचनाचा गुन्हा

चार्जशीटमध्ये आरोप एका ओळीचा होता: सुपरवायझरशी ‘एकवचनदल्लि’ बोलला. साल 1983. म्हैसुरात कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलांकडे मी टायपिस्ट होतो. आपण ज्याला अरे-तुरे म्हणतो त्याला कन्नडमध्ये थेट व्याकरणाचं नाव आहे, एकवचन. त्यामुळे आरोपाला उगीचच शास्त्रीय वजन येतं. कारखान्याचं नाव सांगत नाही.

माणूस लेथवरचा, पन्नाशीचा. सुपरवायझर त्याच्या मुलाच्या वयाचा. रजेवरून खटका उडाला आणि हा म्हणाला, ‘नीन्यारु हेळोक्के?’ तू कोण सांगणारा? ‘नीव्यारु’, तुम्ही कोण, असं म्हणाला असता, तर फार तर मेमो मिळाला असता. एका ‘नी’ आणि ‘नीवु’मधल्या फरकानं बावीस वर्षांची नोकरी गेली. आणि हा सुपरवायझर त्याच्याशी रोज कसा बोलायचा? ‘नीनु’च. तो मात्र कुणाला गुन्हा वाटत नसे. गैरवर्तनांची यादी कामगारांसाठी होती, वरच्यांसाठी नव्हती.

आम्ही मूळचे तंजावरकडचे देशस्थ, घरात मराठी. म्हणून बडतर्फीचा कन्नड कागद पहिल्यांदा टाइप करताना मी अडखळलो. ‘केलसदिंद वजा.’ मराठीत वजा म्हणजे नऊ वजा चार. इथे माणूसच वजा! शब्द मुळात अरबी, आपल्याकडे तो हिशेबात राहिला, कन्नडमध्ये थेट नोकरीवर जाऊन बसला. अमलदार, शेकदार, शिरस्तेदार हे शब्दही म्हैसूर संस्थानात आपल्यासारखेच नांदले. दिवाण पूर्णय्या तर देशस्थच. त्या काळी अमलदाराला घरी पाठवायला कारण लागत नसे, वरच्याची मर्जी पुरे. राज्यघटनेच्या 310व्या कलमात ती मर्जी अजून आहे, फक्त पुढच्याच 311व्या कलमानं सरकारी नोकराला आरोप कळवून त्याचं म्हणणं ऐकणं बंधनकारक केलं.

गिरणी-कारखान्यांत ही मर्जी 1946च्या स्टँडिंग ऑर्डर्स कायद्यानं आवरली. नियम लेखी हवेत, गैरवर्तनांची यादी हवी. त्या यादीत एकवचन नावाचा गुन्हा नव्हता. होतं ते उद्धट वर्तन, शिस्तभंग. ‘नीनु’ त्यात कोंबावं लागे. नोटीस देऊन, कारण न सांगता कुणालाही काढता येईल असं कलम सार्वजनिक संस्थांनी आपापल्या नियमांत तरीही ठेवलं होतं. सुप्रीम कोर्टानं 1985 साली त्याला ‘आठव्या हेन्रीचं कलम’ म्हटलं आणि 1990मध्ये दिल्ली परिवहनच्या खटल्यात तसंच कलम मोडीत काढलं. अमेरिकेत मात्र मॉन्टाना सोडता सगळ्या राज्यांत खासगी नोकरीचा पाया अजून तोच आहे: कारण न देता काढा, कारण न देता सोडा.

आमच्या खटल्यात गंमत झाली ती भाषांतरात. कारखान्यातली चौकशी कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत. तिथे लिहिलं होतं, ‘हू आर यू टु टेल मी?’ वकीलसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि हसत सुटले. ‘अहो, यात गुन्हा राहिला कुठे?’ इंग्रजीत नी नाही, नीवु नाही. मालकाच्या वकिलांनी कंसात ‘सिंग्युलर’ असं घालून पाहिलं. न्यायाधीशांना कन्नड येत होतं, त्यामुळे आमची चलाखी चालली नाही. चाललं ते औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम 11-अ. 1971मध्ये आलेलं हे कलम, शिक्षा गुन्ह्याच्या मानानं जबर वाटली तर ती बदलण्याचा अधिकार लेबर कोर्टाला देत असे. उत्तर प्रदेशातल्या शिवराळपणाच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1982 साली, म्हणजे अगदी आदल्याच वर्षी, बडतर्फी रद्द करून फक्त दोन वेतनवाढी रोखल्या होत्या. तो निकाल मीच टाइप करून जोडला. आमचा माणूस परत रुजू झाला, मागचा पगार सोडून. हे दार नेहमी उघडं राहिलं असं नाही. 2005मध्ये महिंद्राच्या खटल्यात घाणेरड्या शिव्यांसाठी झालेली बडतर्फी सुप्रीम कोर्टानं कायम केली. शिवी आणि सर्वनाम यांत फरक आहे, हे मात्र मला त्यानंतरही पटलेलंच आहे.

आता सर्वनामाचं भांडण वेगळ्या जागी पोचलंय. व्हर्जिनियात 2018 साली एका शिक्षकाला शाळेनं काढलं. ट्रान्स विद्यार्थ्याचं नवं नाव तो घेत होता, पण सर्वनाम वापरायला तयार नव्हता. तो शिकवत होता फ्रेंच, म्हणजे वर्गात ‘तू’ आणि ‘व्हू’चा फरक रोज समजावत असणार! पुढे 2024मध्ये शाळामंडळानं पाच लाख पंच्याहत्तर हजार डॉलर देऊन तो दावा मिटवला.

कर्नाटकानं 2021 साली सरकारी भरतीत ट्रान्सजेंडर उमेदवारांसाठी एक टक्का जागा ठेवल्या. त्यानंतर कधीतरी एक उमेदवार कागद घेऊन आमच्या ऑफिसात आल्या. शिपायानं दारातून हाक दिली, ‘सार, अवरु बंदिद्दारे.’ ‘अवरु’मध्ये मान आहे, बाई-पुरुष नाही. मानाच्या रूपाआड लिंग झाकलं जातं, कुणाला काही विचारावं लागत नाही. संध्याकाळी मी नेहमीसारखी मराठीत डायरी लिहायला बसलो. ‘आज एक जण...’ इथपर्यंत आलो. मग ‘आले’ लिहू की ‘आल्या’? दुपारी विचारलं नव्हतं. सकाळी फोन लावून विचारलं, तेव्हा कळलं, आणि वर मी जे लिहिलंय ते लिहिलं.