केळापूरचा उमेदवारी अर्ज : एका रिकाम्या जागेचा इतिहास

निवडणुकीच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की कोण जिंकलं, कोण पडलं, कुणाचं डिपॉझिट जप्त झालं इथूनच सुरुवात होते. आज आपण त्याच्या एक पायरी आधी थांबणार आहोत, म्हणजे अर्ज भरायच्या टेबलापाशी. निवडणूक लढवण्याचा हक्क खरा तिथेच ठरतो, आणि तिथे काय घडलं ते कुणी फारसं लिहून ठेवत नाही.

विधानसभेच्या उमेदवारी अर्जाला नमुना २-ब म्हणतात. राखीव मतदारसंघातून उभ्या राहणाऱ्यासाठी त्यात एक जाहीरनामा आहे. त्याचा मतलब असा, की मी अमुक जमातीचा आहे आणि ही जमात या राज्याच्या अमुक क्षेत्राच्या संबंधात अनुसूचित जमात आहे. जमातीसाठी एक रिकामी जागा, क्षेत्रासाठी दुसरी. पहिली जागा का आहे ते कुणीही सांगेल. दुसरी कशासाठी? जमात ती जमात, तिचा क्षेत्राशी काय संबंध? याचं उत्तर दिल्लीत शोधण्यापेक्षा केळापुरात शोधलेलं बरं.

बाहेरच्या माणसाचा इथे नेहमी घोटाळा होतो. तालुका केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्याला. केळापूर हे जगदंबेचं ठाणं, पांढरकवडा हे कागदपत्रांचं. इंग्रजांच्या काळात हा वऱ्हाडातल्या वणी जिल्ह्याचा भाग होता. १९०५ मध्ये त्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. यवतमाळ, केळापूर, वणी, दारव्हा आणि पुसद असे पाच तालुके. ही पाच नावं लक्षात असू द्या, पुढे त्यांचीच दोन गटांत फाटाफूट होणार आहे.

त्याआधी वऱ्हाडची एक गंमत सांगतो. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा. त्यामुळे १९१९ च्या सुधारणा कायद्याखाली निवडणुका आल्या तेव्हा पेच पडला. वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हता, मग तिथला माणूस नागपूरच्या कौन्सिलात 'निवडून' कसा येणार? तोड अशी काढली, की वऱ्हाडात निवडणूक घ्यायची आणि जो निवडून येईल त्याला सरकारने 'नियुक्त' करायचं! लोकांनी मतं द्यायची आणि कागदावर मात्र माणूस सरकारनियुक्त. लोकनायक बापूजी अणे वणीचे. ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बसले ते 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' म्हणून. १९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत आणि वऱ्हाड एक प्रांत मानला, तेव्हा ही कसरत संपली. पण आपण कुठे राहतो यावरून आपल्या हक्काचं कागदावरचं रूप बदलतं, हा अनुभव या भागाला जुना आहे.

आता स्वातंत्र्यानंतर. राज्यघटनेने अनुसूचित जमाती ठरवण्याचं काम राष्ट्रपतींच्या आदेशावर सोपवलं. त्या याद्यांमध्ये नुसती जमातींची नावं नव्हती, जागांचीही होती. १९५६ च्या सुधारित यादीत आपल्या भागासाठी नोंद अशी : अमरावती जिल्ह्यातला मेळघाट, चांदा जिल्ह्यातले गडचिरोली आणि सिरोंचा, यवतमाळ जिल्ह्यातले केळापूर, वणी आणि यवतमाळ. एवढ्या तहसिलींत राहणारे आंध, गोंड वगैरे अनुसूचित जमातीचे. पाचांपैकी तीन तालुके आत आले, दारव्हा आणि पुसद बाहेर राहिले.

आदेशाची भाषा 'त्या त्या ठिकाणी राहणारे' अशी होती. म्हणजे काय झालं ते बघा. केळापूर तालुक्यातला गोंड शेतकरी अनुसूचित जमातीचा. त्याची सख्खी बहीण लग्न होऊन दारव्ह्याला गेली, तर यादीच्या हिशोबाने तिच्या पदरात ते राहिलं नाही. देव तोच, कुळी तीच, बोली तीच. फक्त तालुक्याची हद्द ओलांडली. आंध समाजाचं तर आणखी विचित्र. त्यांची दाट वस्ती पुसद-उमरखेडच्या पट्ट्यात, आणि यादीतून वगळला गेला तो नेमका पुसद.

इथे अर्जातली ती दुसरी रिकामी जागा कामाला येते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्याच्या ३३ व्या कलमाप्रमाणे राखीव जागेच्या उमेदवाराने जमातीचं नाव आणि क्षेत्र दोन्ही लिहिलं नाही, तर तो त्या जागेसाठी पात्रच धरला जात नाही. केळापूरच्या रहिवाशाने 'केळापूर तहसील' लिहिलं की तो राज्यातल्या जमातींसाठी राखीव असलेल्या कुठल्याही विधानसभा जागेवर उभा राहू शकत होता. पुसदच्या माणसाने काय लिहायचं? त्याच्याकडे लिहायला खरं असं काही नव्हतं. त्याचा अर्ज कुणी फेटाळावा लागतच नव्हता, तो भरलाच जात नव्हता. न भरलेल्या अर्जांची नोंद कुठल्याच दप्तरात सापडत नाही. हा इतिहास लिहिताना आमची खरी अडचण ती आहे.

हे किती वर्षं चाललं? संसदेने १९७६ मध्ये कायदा केला आणि तो २७ जुलै १९७७ पासून लागू झाला. महाराष्ट्रात विदर्भातल्या या तहसिलींची अट गेली. १९७८ च्या फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा पुसदचा आंध आणि केळापूरचा गोंड पहिल्यांदा एकाच रांगेत उभे राहू शकत होते. १९५२, ५७, ६२, ६७, ७२ अशा पाच निवडणुका तोवर होऊन गेल्या होत्या.

क्षेत्राचं भांडण मिटलं, पण जमातीच्या रकान्याचं मिटलं नाही. १९५६ च्या यादीत गोंडांच्या नावापुढे पोटजमातींची लांबलचक माळ होती आणि तिच्यात 'माना' हे नाव होतं. १९६७ च्या निवडणुकीत चांदा जिल्ह्यातल्या आरमोरीच्या राखीव जागेवरून यावर वाद पेटला. दीना विरुद्ध नारायणसिंह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये सांगितलं, की गोंडांपैकी माना असेल तोच यादीतला, दुसरा नव्हे. हाच अर्थ पुढे कितीतरी वर्षं माना कुटुंबांच्या दाखल्यांना आडवा आला. २००६ मध्ये माना आदिम जमात मंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने माना ही स्वतंत्र जमात आहे असं म्हटलं. एका यादीतल्या एका नावाचा अर्थ लागायला अडतीस वर्षं!

आता मुदतीकडे येऊ, कारण कायद्याचं घड्याळ अडतीस वर्षं थांबत नाही. अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी अर्ज बंद. दुसऱ्या दिवशी छाननी. छाननीनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत माघार. अर्ज घ्यायची वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. १९९६ पर्यंत माघारीपासून मतदानापर्यंत किमान वीस दिवस असत, ते चौदा केले. २०२४ च्या विधानसभेचं वेळापत्रक घ्या. अधिसूचना २२ ऑक्टोबर, अर्ज २९ पर्यंत, छाननी ३० ला. माघार १ नोव्हेंबरला हवी होती, पण होती ४ ला. का? १ ला लक्ष्मीपूजन, २ ला पाडवा, ३ ला रविवार. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस, असं कायदाच सांगतो. बंडखोरांची समजूत काढायला पक्षांना त्या वर्षी दिवाळीचे तीन दिवस जास्तीचे मिळाले, ते असे.

२००८ च्या पुनर्रचनेत केळापूर मतदारसंघ गेला. २००४ ची निवडणूक त्या नावाची शेवटची. आता तालुका आर्णी या राखीव मतदारसंघात आहे, आणि लोकसभेला चंद्रपुरात. म्हणजे खासदारकीचा अर्ज भरायचा तर पांढरकवड्याच्या माणसाने यवतमाळला नाही, चंद्रपूरला जायचं.

२०२४ च्या लोकसभेला चंद्रपूर आणि रामटेक एकाच, पहिल्या टप्प्यात होते. छाननीचा दिवस २८ मार्च. त्याच दिवशी पडताळणी समितीने रामटेकच्या काँग्रेस उमेदवार रश्मी बर्वे यांचं जातवैधता प्रमाणपत्र रद्द केलं आणि त्यांचा अर्ज बाद झाला. त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज हाताशी होता म्हणून पक्षाला उमेदवार उरला, आणि ते निवडूनही आले. पुढे त्याच वर्षी नागपूर खंडपीठाने समितीचा निर्णय रद्द ठरवला. पण तोवर निवडणूक होऊन गेली होती. छाननीत अर्ज बाद झाला तर मधेच न्यायालयात दाद मागता येत नाही, निकाल लागल्यावर निवडणूक याचिका करावी लागते. हे पोन्नुस्वामी खटल्यात जानेवारी १९५२ मध्येच ठरलेलं आहे, म्हणजे पहिल्या सार्वत्रिक निवडणुका चालू असतानाच. निवडणुका अडकून पडू नयेत हा त्यामागचा विचार, आणि तो आम्हाला पटतोही. मात्र त्याची किंमत प्रत्येक वेळी एखादा उमेदवार एकटा मोजतो.

बर्वे यांच्यामागे पक्ष होता. केळापूर तालुक्यातल्या ग्रामपंचायतीच्या उमेदवारामागे कोण असतं? या तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्यामुळे तिथलं सरपंचपद जमातीच्या माणसासाठीच. हा मोठाच अधिकार आहे. पण एक उलटा प्रकार बघा. आमदारकीच्या राखीव जागेला लोकप्रतिनिधित्व कायदा तो जाहीरनामा मागतो आणि अधिकारी जातीचा दाखला बघतो. ग्रामपंचायतीला मात्र राज्याचे कायदे वैधता प्रमाणपत्र मागतात. निवडून आल्यावर सहा महिन्यांत ते दिलं नाही तर पद जातं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली, त्यानंतर राज्याने ती बारा महिन्यांची केली. पद लहान आणि कागद जड.

शिवाय तो कागद मिळवायचा म्हणजे ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा हवा. त्या तारखेला जमातींचा पहिला आदेश निघाला. मग आजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातली नक्कल काढा, शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुकावरच सगळी भिस्त. त्यात एखाद्या लिहिणाऱ्याने जमातीच्या जागी नुसतं आडनाव लिहिलं असेल, तर नातीची सरपंचकी तिथे अडते. अर्जाचा आठवडा सुरू झाल्यावर ही धावपळ करणाऱ्याला ती झेपत नाही. ज्यांच्या घरात हे कागद आधीपासून जपून ठेवलेत, तेच वेळेत टेबलापाशी पोचतात.

२०२० च्या डिसेंबरात राज्यभर ग्रामपंचायतींचे अर्ज संगणकावरून भरणं चालू होतं. शेवटच्या दिवसांत सर्व्हर बसला. राज्य निवडणूक आयोगाने मग ३० डिसेंबरला कागदी अर्ज घ्यायला परवानगी दिली आणि वेळही वाढवून साडेपाच केली. यंत्रणा अडली तेव्हा मुदत वाढली. आजोबांच्या नोंदीसाठी ती वाढवून मिळत नाही.

आणि ती क्षेत्राची रिकामी जागा? तहसिलींची अट १९७७ मध्ये गेली, तरी ती जागा नमुना २-ब मध्ये अजून आहे आणि कायद्याप्रमाणे ती भरावीच लागते.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.