वृत्ताच्या परिघापासून गोलाच्या पृष्ठफळापर्यंत : भारतीय गणितपरंपरेतील आत्मपरीक्षण

प्रस्तावना :
त्रिकोण, चौकोन यांसारख्या सरळ बाजूंच्या आकृतींची परिमिती बाजूंची बेरीज करून मिळते. वृत्ताला मात्र बाजूच नसतात. त्यामुळे वक्र रेषेची लांबी सरळ मापात कशी सांगावी, हा प्रश्न प्राचीन गणितज्ञांपुढे उभा राहिला. प्राचीन भारतीय गणिताविषयी लिहिताना एकीकडे अतिरिक्त गौरव, तर दुसरीकडे संपूर्ण उपेक्षा अशी दोन टोके आढळतात. या परंपरेने स्वतःचे निष्कर्ष वेळोवेळी तपासले, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहते. परिघाच्या गणिताच्या आधारे ती मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वृत्ताचा परिघ :
आर्यभटांनी 'आर्यभटीय' (इ.स. ४९९) या ग्रंथात २०,००० व्यासाच्या वृत्ताचा परिघ ६२,८३२ सांगितला. यावरून परिघ व व्यास यांचे गुणोत्तर ३.१४१६ येते. विशेष म्हणजे हे मान 'आसन्न', म्हणजे जवळपासचे आहे, असे त्यांनीच नमूद केले. पुढे ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये व्यवहारासाठी ३ आणि सूक्ष्म गणितासाठी १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.१६२, हे मान स्वीकारले. ते आर्यभटांच्या मानापेक्षा कमी अचूक आहे. ज्ञानाची वाटचाल सदैव सरळ रेषेत होत नाही, हेच यावरून दिसते.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ.स. ११५०) दोन माने दिली : सूक्ष्म ३९२७/१२५० आणि स्थूल २२/७. आर्यभटांच्या दोन्ही संख्यांना १६ ने भागल्यास यांपैकी सूक्ष्म मानच मिळते. ७ व्यासाच्या वृत्ताचा परिघ स्थूल मानाने २२, तर सूक्ष्म मानाने २१.९९१२ येतो. व्यवहाराला किती अचूकता पुरेशी आहे आणि शास्त्राला किती हवी, याचा विवेक या विभागणीत आहे.

गोलाचे पृष्ठफळ :
घनाकृतीकडे वळल्यावर हा प्रश्न अधिक बिकट होतो. आठव्या शतकातील लल्ल यांच्या नियमानुसार वृत्ताचे क्षेत्रफळ व परिघ यांचा गुणाकार म्हणजे गोलाचे पृष्ठफळ. ७ व्यासाच्या गोलासाठी हे उत्तर सुमारे ८४६ येते. 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी या नियमाचे स्पष्ट खंडन केले. त्यांच्या मते परिघाला व्यासाने गुणले की पृष्ठफळ मिळते, म्हणजे येथे सुमारे १५४. दोन उत्तरांत साडेपाच पटींचा फरक आहे.

भास्कराचार्य केवळ नियम सांगून थांबले नाहीत. गोलाचे पृष्ठ आवळ्याच्या फोडींप्रमाणे उभ्या पट्ट्यांत विभागून, एका पट्टीचे क्षेत्रफळ काढून त्यांनी आपल्या नियमाची उपपत्ती दिली. पूर्वसूरींचा अधिकार मान्य असूनही त्यांनी अंतिम प्रमाण मानली ती उपपत्तीच. त्यांनी पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ १/२४ योजने दिला आहे. या दोन संख्यांचे गुणोत्तरही ३.१४१६ च येते. पाटीवरील वृत्तासाठी स्वीकारलेले सूक्ष्म मानच त्यांनी पृथ्वीच्या गोलालाही लावले.

समारोप :
चाळीसगावजवळील पाटण येथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. ज्या ग्रंथांचे अध्ययन तेथे अपेक्षित होते, त्यांत पूर्वसूरींच्या चुकाही निःसंकोचपणे दाखविलेल्या आहेत. आपले मान 'आसन्न' आहे असे सांगणारे आर्यभट आणि मान्यवर आचार्यांचा नियम उपपत्तीच्या कसोटीवर नाकारणारे भास्कराचार्य, हे दोघेही या परंपरेचे खरे प्रतिनिधी होत. म्हणूनच प्राचीन गणिताचा अभिमान बाळगताना त्यातील सूत्रांबरोबरच ती तपासून पाहण्याची वृत्तीही स्वीकारणे अगत्याचे आहे.