पंढरपूर : स्थानिक शासन व राजकारण

पंढरपूर : सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व वारकरी संप्रदायाचे मुख्य क्षेत्र. लोकसंख्या ९८,९२३ (२०११). हे सोलापूरच्या पश्चिमेस सुमारे ७० किमी.वर, भीमेच्या (चंद्रभागा) उजव्या तीरावर वसले आहे. प्रांत कार्यालय, तहसील, पंचायत समिती व बाजार समिती येथे आहेत. नगरपालिका १८५५ मध्ये स्थापन झाली. सध्या तिचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार चालतो. २०१६ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर राज्यातील इतर पालिकांप्रमाणे येथेही काही वर्षे प्रशासकाचे राज्य होते.

लाखभर वस्तीच्या या पालिकेवर चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी या चार वाऱ्यांचा भार पडतो. आषाढीला तर गावच्या वस्तीच्या कितीतरी पट माणूस येथे उतरतो. त्याला पाणी, शौचालय, दवाखाना, निवारा पुरवायचा तो घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणाऱ्या संस्थेने, शासनाच्या यात्रा अनुदानाचा आधार घेऊन. वारकरी येथला मतदार नाही. नगरसेवकाला त्याची भीती नाही. त्यामुळे त्याच्या सोयींचा प्रश्न पालिकेच्या सभागृहापेक्षा मंत्रालयात आणि न्यायालयात अधिक सुटला. यात्रेनंतर हाताने मैला उचलावा लागणाऱ्या सफाई कामगारांच्या बाजूने याचिका झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने शौचालयांबाबत आणि नदीपात्रातील तंबू-राहुट्यांबाबत कडक आदेश दिले. पलीकडच्या तीरावर ६५ एकरांचा पालखीतळ उभा राहिला. देवाच्या दारची घाण पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाने उपसावी, हे गावाला इतकी वर्षे खुपले नाही, याची नोंद येथे केलीच पाहिजे. वारीत स्नानापुरते पाणीही उजनी धरणातून सोडावे लागते, आणि तो निर्णय पालिकेच्या हाती नाही.

मंदिराची सत्ता निराळी. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात आणि त्यांच्या जोडीला पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे हे सेवाधारी, अशी वंशपरंपरागत घडी होती. देवापुढील उत्पन्नाच्या हक्काचा बडव्यांमध्ये लिलाव होई. अस्पृश्यांना मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. दहा दिवसांत दार उघडले. हक्कदारांच्या कारभाराची चौकशी पुढे नाडकर्णी आयोगाने केली आणि १९७३ मध्ये हे वंशपरंपरागत हक्क संपवणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. कायदा झाला तरी तंटा न्यायालयात अनेक वर्षे रेंगाळला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बडवे-उत्पातांचे दावे निकालात निघाले. त्याच वर्षी शासननियुक्त मंदिर समितीने ब्राह्मणेतर व स्त्री पुजारी नेमण्याचे पाऊल उचलले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मंदिरप्रवेशाचा आणि वंशपरंपरागत हक्कांविरुद्धचा अशा या दोन लढ्यांचे मोल मोठे आहे. समिती नेमण्याचा अधिकार शासनाचा असल्याने तिच्या जागांसाठी सत्ताधारी पक्षांत चढाओढ होते. आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात. २०१८ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनामुळे देवेंद्र फडणवीस यांनी पंढरपुरास येणे टाळले व मुंबईच्या निवासस्थानी पूजा केली. आंदोलकांनी ऐन एकादशीलाच मुख्यमंत्र्यांना अडवण्याचा इशारा दिला होता, यावरून या पूजेचे राजकीय वजन कळते.

आमदारकीचा रस्ता मात्र मंदिराकडून जात नाही. तो साखर कारखान्याच्या संचालक मंडळातून जातो. श्रीपूरचा पांडुरंग, गुरसाळ्याचा विठ्ठल, मंगळवेढ्याचा दामाजी हे तिन्ही कारखाने देवासंतांच्या नावाचे, आणि येथील राजकारणाचे खरे आखाडे. उसाची तोड कधी मिळणार, बिल कधी जमा होणार, कामावर कोणाचा मुलगा लागणार, हे जेथे ठरते तेथे मतही ठरते. पांडुरंग कारखान्याचे सुधाकरपंत परिचारक १९८५ पासून सलग पाच वेळा आमदार झाले. २००९ मध्ये माळशिरस मतदारसंघ राखीव झाल्याने विजयसिंह मोहिते पाटील येथे आले, पंतांनी जागा सोडली आणि भारत भालके यांनी मोहिते पाटलांचा पराभव केला. विठ्ठल कारखान्याचे अध्यक्ष राहिलेले भालके स्वाभिमानी पक्ष, काँग्रेस व राष्ट्रवादी अशा तीन चिन्हांवर लागोपाठ तीनदा निवडून आले. पक्षापेक्षा गट बळकट असतो, हे इतके स्पष्ट क्वचितच दिसते. पंत ऑगस्ट २०२० मध्ये, भालके नोव्हेंबरात वारले. २०२१ च्या पोटनिवडणुकीत दामाजी कारखान्याचे समाधान आवताडे (भाजप) यांनी भालके यांचे पुत्र भगीरथ यांना सुमारे पावणेचार हजार मतांनी हरवले; २०२४ मध्येही आवताडेच विजयी झाले. २०२२ मध्ये विठ्ठल कारखाना जिंकणारे अभिजित पाटील २०२४ मध्ये माढ्याचे आमदार झाले.

लोकसभेचा पंढरपूर (अनुसूचित जाती) मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत संपला. त्याचे प्रतिनिधित्व संदिपान थोरात यांनी सात वेळा, पुढे रामदास आठवले यांनी केले. आता तालुक्याची गावे पंढरपूर-मंगळवेढा, माढा, मोहोळ व सांगोला अशा चार विधानसभा मतदारसंघांत विभागली आहेत, त्यामुळे एका तहसीलदाराला चार आमदारांचे फोन येतात. पंढरपूर-मंगळवेढ्यात एका बाजूला उजनीच्या पाण्यावरचा ऊसपट्टा आहे, दुसऱ्या बाजूला मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील कोरडवाहू गावे. तेथील ३५ गावांच्या पाण्याची मागणी अनेक निवडणुकांच्या प्रचारात मांडली गेली आहे.