ओस दुर्गाचे राखणदार

मालवणच्या बंदरातून होडी सुटली की थोड्याच वेळात सिंधुदुर्गाचा तट समोर येतो. प्रवासी घटकाभर आत हिंडतात आणि परततात. या तटाच्या आत काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, याची जाणीव फार थोड्यांना असते. राजे, सरदार आणि लढाया यांची नोंद इतिहासाने केली. मागे राहून किल्ला राखणाऱ्यांची मात्र क्वचितच केली. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांला वाटते.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी कुरटे बेटावरील या जलदुर्गाच्या कामास आरंभ केला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली १६६७ मध्ये तो पुरा झाला. पायाचे चिरे शिसे ओतून बसविले गेले. चहूकडे खारा दर्या, पण आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. म्हणूनच येथे वस्ती नांदली. १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी शिवराजेश्वराचे मंदिर बांधले. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पुढे तो करवीरकरांना परत मिळाला. परंतु १८१२ च्या तहाने मालवण व हा किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आरमार संपले, शिबंदी उठली.

खनिज सरले की खाणगाव ओस पडते. सत्ता सरली की दुर्गाचीही तीच गत होते. तरीही काही हिंदू व काही मुसलमान कुटुंबे येथे राहिली. बाजार, दवाखाना, कचेरी सारे पाण्यापलीकडे. पावसाळ्यात दर्या खवळला की प्रवाशांच्या होड्या बंद होतात आणि भरती तटावर आदळत राहते. रोजगार नाही म्हणून बरीच मंडळी किल्ला सोडून गेली. जी राहिली त्यांनी शिवराजेश्वराच्या पूजेत खंड पडू दिला नाही.

आम्हां ख्रिस्ती लोकांना हे चित्र अनोळखी वाटू नये. आपल्या शेजारचे जुने गोवे असेच ओस पडले. रोगराईने लोक शहर सोडून गेले. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद करण्यात आले. १८४२ मध्ये संत ऑगस्टिनच्या चर्चचे छप्पर कोसळले आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. वाड्यांचे चिरे निखळले, रस्त्यांवर माड वाढले. पण संत फ्रान्सिस झेविअर यांचे अवशेष तेथेच होते. त्यांची आणि कॅथेड्रलची सेवा करणारे थोडे धर्मगुरू त्या सुन्या नगरीत राहिले. म्हणूनच तेथील प्रार्थना थांबली नाही.

जुन्या गोव्यातील चर्चना १९८६ मध्ये आणि सिंधुदुर्गासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र वारशाच्या नियमांत तटाच्या चिऱ्यांना जेवढी जागा मिळेल, तेवढीच आतील चुलींनाही मिळावी, अशी आमची अपेक्षा आहे. माणसे गेली तर दगड उरतील. पण कोणती विहीर कोणत्या नावाची, कोणत्या दिवशी दिवा लावायचा, हे सांगणारे कोणी उरणार नाही.

आपल्या वाड्यांवरही नाताळ वा मे महिन्यापुरती उघडणारी घरे आहेत. मुले मुंबईला, परदेशी गेली. मागे एखादी वृद्ध माउली वाटेवरच्या क्रुसापाशी रोज मेणबत्ती लावते. धनी दूर असताना घर नीट राखणाऱ्या विश्वासू कारभाऱ्याचा दृष्टांत प्रभू येशूने सांगितला, तो अशांसाठीच. पुढच्या वेळी सिंधुदुर्गावर गेलात, तर एखाद्या दारापाशी थांबून तेथल्या माणसांची विचारपूस करा. आणि गावी आलात की त्या माउलीचीही.