नाशिकची रेड वाइन

फ्रान्सच्या बोर्दो भागातील काबर्ने सोव्हिन्यों, ऱ्होन खोऱ्यातील सिरा (आपल्याकडे शिराझ) अशा काळ्या द्राक्षांपासून नाशिक जिल्ह्यात होणारे मद्य. बोर्दोत वेल हिवाळ्यात झोपतो. नाशकात झोपतच नाही. म्हणून तो दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पाऊस सरताना फळासाठी गोडी छाटणी आणि तोड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढुरकाच, रंग सालीचा. त्यामुळे साली रसातच आंबवतात. त्या वर येऊन जाड थर धरतात, तो वरचेवर खाली दाबावा लागतो. खरी मेहनत इथेच. सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली आली, राज्याचे वाइनविषयक धोरण २००१ मध्ये. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, बोर्दोसारखी मळ्यांची १८५५ पासूनची प्रतवारी मात्र इथे नाही.