फॉर्मॅलिन आणि पोलिओची लस

मुंबईंत १८९७ सालीं हाफकिन यांनीं प्लेगचे जंतु उष्णतेनें मारून लस सिद्ध केली, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. पोलिओचा विषाणु मारण्याचें काम त्याहून नाजूक निघालें. अमेरिकेंत डॉ. जोनास सॉल्क यांनीं त्यासाठीं फॉर्मॅलिन घेतलें : चार हजार भागांस एक भाग, आणि ऊब आपल्या शरीराइतकी. औषध कमी मुरलें तर विषाणु जिवंत राहणार; फाजील मुरलें तर त्याचें बाह्य रूप इतकें बिघडणार कीं, शरीरास शत्रूची ओळखच पटूं नये. मग लस टोचली काय नि न टोचली काय!

सॉल्क यांचा हिशेब असा कीं, जिवंत विषाणु ठराविक प्रमाणांत घटत जातात. कागदावर सरळ रेघ ओढावी नि शेवटचा दिवस काढावा. वर्गांत आलेख काढून घेणाऱ्यास या रेघेचा मोह चटकन् कळतो. परंतु ती शेवटीं वांकडी झाली. कांहीं विषाणु एकमेकांस चिकटून गुठळ्या करीत; आंतल्यांपर्यंत औषध पोंचेना. १२ एप्रिल १९५५ रोजीं लशीस परवाना मिळाला, आणि त्याच महिन्यांत कॅलिफोर्नियांतील कटर कंपनीच्या लशीनें मुलें पंगू होऊं लागलीं. मुलें व त्यांच्या सहवासांतील माणसें मिळून सुमारें २०० जणांस पक्षाघात झाला, १० दगावलीं. पुढें गाळण्याची रीत सुधारली, तपासणी कडक झाली.

गोवराची हकीकत निराळी. फॉर्मॅलिननें मारलेली त्याची लस अमेरिकेंत १९६३ ते १९६७ पर्यंत दिली गेली. तिचें संरक्षण लवकरच ओसरलें. इतकेंच नव्हे, तर पुढें खरा गोवर गांठी पडला तेव्हां कांहीं मुलांना तो अधिकच तीव्र व विचित्र रूपानें आला. ती लस बंद करावी लागली.