निवडणूक आणि नेमणूक : राज्यपालपदाविषयीच्या एका सोडून दिलेल्या निर्णयाचा इतिहास

गिरगावच्या चौपाटीवर उभे राहून नैर्ऋत्येकडे पाहिले असता मलबार टेकडीचे समुद्रात शिरलेले टोक दृष्टीस पडते. त्या टोकावर १८८५ पासून मुंबईच्या गव्हर्नराचे, आणि पुढे राज्यपालाचे, निवासस्थान आहे. तत्पूर्वी ते परळला होते. परळच्या त्या जुन्या वास्तूत १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली व तीच आजची हाफकिन संस्था होय. निवासस्थान परळहून मलबारला गेले, त्यात राहणारा गव्हर्नर जाऊन राज्यपाल आला. परंतु एक गोष्ट बदलली नाही. चौपाटीच्या या बाजूस राहणारा गिरगावकर महानगरपालिकेसाठी मत देतो, विधानसभेसाठी देतो, लोकसभेसाठी देतो. ज्याच्या नावाने राज्याचा सारा कारभार चालतो त्या राज्यपालासाठी मात्र त्याने कधीही मत दिलेले नाही. हे आपणांस इतके स्वाभाविक वाटते की, याच्या नेमका उलट निर्णय घटना समितीने एकदा घेतलेला होता याचा अभ्यासकांनाही विसर पडतो. त्या निर्णयाचे काय झाले, तो का सोडला गेला, आणि सोडताना जे कारण दिले गेले ते पुढे कितपत टिकले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रांतांच्या राज्यघटनेची तत्त्वे ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सरदार वल्लभभाई पटेल होते. या समितीचा अहवाल त्यांनी १५ जुलै १९४७ रोजी घटना समितीपुढे मांडला. गव्हर्नर प्रौढ मताधिकाराने प्रत्यक्ष जनतेकडून निवडला जावा, त्याची मुदत चार वर्षांची असावी, गैरवर्तनाबद्दल त्याच्यावर महाभियोग चालविता यावा व त्याचा आरोप प्रांतिक विधिमंडळाने करावा, अशी ती योजना होती. साऱ्या प्रांताने निवडून दिलेल्या गव्हर्नराचे वजन मंत्रिमंडळावर व प्रांतावर पडेल, असा पटेलांचा युक्तिवाद होता. घटना समितीने ही शिफारस मान्य केली.

या अहवालातील एक छोटी टीप विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गव्हर्नराची निवडणूक शक्यतो प्रांतिक विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबरच व्हावी, असे समितीस वाटत होते. परंतु विधानसभा मुदतीच्या मध्येच विसर्जित होऊ शकत असल्यामुळे कायद्याने तसे बंधन घालणे कठीण जाईल, हेही तिने नमूद करून ठेवले. म्हणजे ज्या पद्धतीत मंत्रिमंडळ विधानसभेच्या विश्वासावर जगते, त्या पद्धतीत ठराविक मुदतीचा निवडलेला गव्हर्नर बसविणे किती अवघड आहे, याची जाणीव योजनेच्या जन्मकाळीच होती.

येथे अमेरिकेतील संयुक्त संस्थानांशी तुलना केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण निवडलेल्या गव्हर्नराचे सर्वपरिचित उदाहरण तेच आहे. ब्रिटिश अमलाखालील बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजाने किंवा वसाहतीच्या मालकाने नेमलेला असे. केवळ कनेक्टिकट व ऱ्होड आयलंड या दोन वसाहती सनदेच्या आधारे आपला गव्हर्नर स्वतः निवडीत. स्वातंत्र्यानंतर प्रत्यक्ष निवडणुकीची पद्धत हळूहळू सर्वत्र रूढ झाली, आणि आज पन्नासांपैकी छत्तीस घटक राज्यांत ही निवडणूक अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या वर्षी होते. २०२२ हे असे वर्ष होते. या निवडणुकांना मराठीत 'मध्यावधी' म्हणतात, आणि तेथेच वाचकाची फसगत होते. आपल्याकडे मध्यावधी निवडणूक म्हणजे पंचांग मोडून आलेली, मुदतीपूर्वीच लादली गेलेली निवडणूक. १९७१ची लोकसभेची निवडणूक त्या अर्थाने मध्यावधी होती. अमेरिकेतील मध्यावधी मात्र पंचांगातच लिहिलेली असते. ती टळत नाही आणि अलीकडेही येत नाही. शब्द एकच, परंतु एका ठिकाणी तो व्यवस्थेचा भंग दाखवितो तर दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थेचा नेम. शिवाय अमेरिकेतील गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नव्हेच. कारभाराच्या दृष्टीने तो मुख्यमंत्र्याच्या जागी आहे. मराठी वृत्तपत्रे तेथील अधिकाऱ्यास बहुधा 'गव्हर्नर'च म्हणतात, हे म्हणूनच योग्य वाटते. रिझर्व्ह बँकेचा प्रमुखही मराठीत गव्हर्नरच राहिला. म्हणजे मुंबईत आजही गव्हर्नर आहे, परंतु तो मलबारच्या टोकावर नसून कोटात बसतो.

१९४७ साली निवडलेल्या गव्हर्नराचे आकर्षण का वाटले, याचे उत्तर मुंबई प्रांताच्या अनुभवात सापडते. १९३५च्या कायद्याने गव्हर्नरांना विशेष अधिकार दिलेले होते. १९३७च्या निवडणुकीत मुंबईच्या १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. पण ते अधिकार वापरले जाणार नाहीत असे आश्वासन मिळेपर्यंत मंत्रिपदे घ्यावयाची नाहीत, असे काँग्रेसने ठरविले. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ १ एप्रिल १९३७ रोजी अधिकारारूढ केले. ते जुलैपर्यंत टिकले. १९ जुलै रोजी बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ आले, आणि युद्धात हिंदुस्थानला परस्पर गोवल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये ते पायउतार झाले. त्यानंतर १९४६च्या वसंत ऋतूपर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ, कायद्याच्या ९३व्या कलमाखाली गव्हर्नराने सल्लागारांच्या साहाय्याने प्रांत चालविला. ज्या माणसास कोणीही निवडले नव्हते त्याच्या हाती सारी सत्ता, असा हा दीर्घ अनुभव होता. तो ताजा असताना गव्हर्नर जनतेनेच निवडावा असे वाटणे साहजिक होते.

पुढील दोन वर्षांत वारा फिरला. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने १३१व्या कलमाचे दोन पर्याय छापले : एक प्रत्यक्ष निवडणुकीचा, आणि दुसरा असा की, विधिमंडळाने चार नावे निवडून द्यावीत व त्यांतून राष्ट्रपतीने एकाची नेमणूक करावी. जनतेने निवडलेला गव्हर्नर आणि विधिमंडळास जबाबदार असलेला मुख्यमंत्री शेजारी शेजारी नांदले तर संघर्ष होईल, ही भीती समितीने स्पष्टपणे व्यक्त केली. ३० व ३१ मे १९४९ रोजी चर्चा झाली, तेव्हा दोन्ही पर्याय बाजूस सारून ब्रजेश्वर प्रसाद यांची उपसूचना स्वीकारली गेली : राष्ट्रपतीने स्वतःच्या सहीशिक्क्याने नेमणूक करावी. जवाहरलाल नेहरूंनी तिला पाठिंबा दिला. निवडलेला गव्हर्नर संकुचित प्रांतिक वृत्तीस बळ देईल, त्यापेक्षा शिक्षणादी क्षेत्रांतील एखादी बाहेरची प्रतिष्ठित, परंतु त्या प्रांताच्या सरकारला मान्य असलेली, व्यक्ती बरी, असा त्यांचा रोख होता. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत या युक्तिवादाला वजन होते, हे मान्य केले पाहिजे. रोहिणीकुमार चौधरी, विश्वनाथ दास आदी सभासदांनी मात्र विरोध केला.

डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद सर्वांत तर्कशुद्ध होता, आणि म्हणूनच तो बारकाईने तपासला पाहिजे. गव्हर्नर हा निव्वळ घटनात्मक प्रमुख असावयाचा, कारभारात ढवळाढवळ करण्याचा अधिकार त्याला नसावयाचा, हे एकदा ठरले की तो निवडलेला आहे की नेमलेला आहे हा प्रश्न गौण ठरतो, असे त्यांनी प्रतिपादिले. इतक्या नाममात्र, शोभेच्या पदासाठी निवडणूक लढवावयास फारसे कोणी पुढे येणार नाही, हेही त्यांनी सांगितले.

पद शोभेचे होते खरे. मुंबईचे पहिले भारतीय गव्हर्नर राजा महाराजसिंह हे कपूरथळ्याच्या घराण्यातील, म्हणजे नेहरूंच्या अर्थाने 'बाहेरचे'. १९५० साली वयाच्या ७२व्या वर्षी ते मुंबईत गव्हर्नरांच्या संघाकडून प्रथम श्रेणीचा क्रिकेटचा सामना खेळावयास उतरले, आणि इतक्या उतारवयात पदार्पण करणारे म्हणून त्यांचे नाव क्रिकेटच्या दप्तरात राहिले. असा गव्हर्नर कोणास अडचणीचा वाटेल?

भाषेचा अभ्यास करणाऱ्यास येथे दोन शब्द थांबवितात. 'निवडणूक' व 'नेमणूक' हे दोन्ही एकाच प्रत्ययाने साधलेले, कानाला जवळजवळ जुळे वाटणारे शब्द आहेत. पण 'निवडणे' हे तांदूळ निवडण्याचे, खडे बाजूस काढण्याचे क्रियापद होय, आणि 'निवाडा' हा त्याच घरातला. त्यात निवडणाऱ्याची पारख गृहीत आहे. 'नेमणूक' हा पेशवाईच्या दप्तरात बहुशः ठरवून दिलेल्या वार्षिक रकमेसाठी येतो. त्यात देणाऱ्याची मर्जी गृहीत आहे. घटनेच्या १५६व्या कलमाने राज्यपाल राष्ट्रपतीची मर्जी असेतोवर अधिकारपदावर राहतो असे म्हटले आहे, आणि 'नेमणूक' या शब्दाचा जुना अर्थ जणू त्या कलमात परत आला आहे. 'राज्यपाल' हा शब्द त्याहून जुना : महमूद गझनीने १०१८ साली कनोजवर स्वारी केली तेव्हा तेथे राज्य करणाऱ्या प्रतिहार राजाचे हे नाव होते. राजाचे नाव नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पदास मिळावे, हा शब्दांच्या इतिहासातील एक विनोदच म्हणावयाचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ३१ मे रोजी नेमणुकीचे तत्त्व संमत झाले. दुसऱ्याच दिवशी, १ जून १९४९ रोजी, १४३वे कलम चर्चेस आले. मंत्रिमंडळाने गव्हर्नरास सल्ला द्यावा, मात्र घटनेने ज्या बाबतींत त्याने स्वतःच्या विवेकाने वागणे आवश्यक केले आहे त्या बाबी वगळून, असे ते कलम होते. हा अपवाद गाळावा अशी ह. वि. कामत यांची उपसूचना होती. हे अधिकार मोघम नसून घटनेत निर्दिष्ट केलेल्या बाबींपुरतेच आहेत, व जबाबदार राज्यपद्धतीशी ते विसंगत नाहीत, असे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले आणि उपसूचना फेटाळली गेली. हेच कलम आज १६३वे आहे. मसुद्यातील गव्हर्नराचा आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार पुढे ऑगस्टमध्ये काढून टाकण्यात आला, हे खरे. तथापि अहवाल पाठविण्याचा, विधेयक राखून ठेवण्याचा, कोणास मंत्रिमंडळ बनविण्यास बोलवावे हे ठरविण्याचा वाव शिल्लक राहिला. माझ्या मते दोष येथे आहे. निवडणूक टाकून देण्याचे समर्थन 'अधिकार नाहीत' या विधानावर उभे होते, आणि ते विधान चोवीस तासांच्या आत अपुरे ठरले होते.

ही उणीव सर्वांत स्वच्छ ओळखली ती १९३७ ते १९३९ या काळात मलबारच्या गव्हर्नरांशी प्रत्यक्ष व्यवहार केलेल्या खेरांनी. घटनेने दिलेली सत्ता कितीही थोडी असली तरी चांगला गव्हर्नर पुष्कळ भले करू शकेल आणि वाईट गव्हर्नर पुष्कळ उपद्व्याप, अशा आशयाचे उद्गार त्यांनी घटना समितीत काढले. ते एका वकिलाचे अनुमान नसून एका मुख्यमंत्र्याचा अनुभव होता.

पुढील इतिहास मुंबईतच घडला. १९७८ साली निवडलेली महाराष्ट्राची विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये विसर्जित होऊन राष्ट्रपती राजवट आली व मेमध्ये मध्यावधी निवडणूक झाली. पटेल समितीने टिपेत वर्तविलेली अडचण ती हीच. गव्हर्नर निवडून आलेला असता तर त्या वर्षी गिरगावकराने एका चिठ्ठीवर मत द्यावयाचे की दोन, हा प्रश्न खरोखरच उभा राहिला असता. पुढे २०२२ साली राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितले ते वस्तुनिष्ठ आधारावाचून, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ११ मे २०२३ रोजी दिला. तथापि मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिलेला असल्यामुळे पूर्वीचे सरकार परत आणता येत नाही, असेही त्यांनी म्हटले.

दरम्यान सरकारिया आयोगाने १९८८ साली नेमणुकीपूर्वी मुख्यमंत्र्याचा सल्ला घ्यावा असे सुचविले. पूंछी आयोगाने २०१० साली मर्जीचे तत्त्व काढून पाच वर्षांची निश्चित मुदत द्यावी, राज्यपालास दूर करावयाचे तर राज्य विधिमंडळाने महाभियोगाने करावे, असे म्हटले. १९४७च्या योजनेतील निश्चित मुदत आणि महाभियोग ही दोन अंगे अशा रीतीने त्रेसष्ट वर्षांनी पुन्हा कागदावर आली. तिसरे अंग, म्हणजे निवडणूक, या दोन्ही आयोगांनी परत मागितले नाही.